अकरा सेकंद

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या माडीवरच्या खोलीत भावना दिवसभर दुसऱ्यांची लग्नं कापत बसे. खाली ट्यूशन क्लास होता. पोरं एका सुरात सूत्रं घोकत, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, आणि वर ती कानाला हेडफोन लावून कोणाच्या तरी हळदीतून कोणाची तरी रुसलेली आत्या काढून टाकत असे. या कामात तिचा हात असा बसला होता की आपण मांडवात किती भांडलो होतो हे त्या मंडळींना पुढं व्हिडिओ पाहून पटतच नसे. त्या गुरुवारी दुपारी शेखरनं, म्हणजे स्टुडिओच्या मालकानं, आपला मोबाइल तिच्या कीबोर्डवर आडवा ठेवला. शेखर मनानं चांगला, पण कोणती गोष्ट कोणाला दाखवावी याचं त्याला काडीचं भान नव्हतं. संघपालभाऊचा सिनेमा आला पाहा, असं तो म्हणाला, ते अशा सुरात की संघपाल तिचा सोडलेला नवरा नसून शाळेतला एखादा जुना सोबती असावा. दीड मिनिटाची झलक होती. नवा हायवे, तहसील कचेरीचा व्हरांडा आणि एक म्हातारी. लुगडं फारच चापूनचोपून नेसलेली, पुण्याची कोणी नटी असावी. ती म्हणते, आज बी साहेब नाही आले वाटते, आणि मग मान न हलवता नुसते डोळे डावीकडे नेते, पडद्याच्या बाहेर कुठं तरी, आणि पाहत राहते. भावनाचा माउसवरचा हात थांबला. आपण मनात सेकंद मोजतो आहोत हे तिला चारवर पोचल्यावर कळलं. चारला झलक संपली. शेखर विचारत होता की ताई, पाणी देऊ का.

चोर, असा एकच शब्द तिच्या मनात आला, आणि त्याच्या पाठोपाठ हेही आलं की चोरलं काय? गोष्ट तर निराळी होती. सहा वर्षांपूर्वी संघपालनं केलेल्या बावीस मिनिटांच्या फिल्ममध्ये एक म्हातारी होती, पुण्याला नोकरी करणारा तिचा मुलगा होता, तो येतो म्हणतो आणि येत नाही. एवढंच. असल्या गोष्टी गल्लोगल्ली मिळतात, आणि संघपालला ती सुचली होती तीही कपातला चहा निवायच्या आत. या नव्या सिनेमात हायवेत गेलेलं वावर होतं, कचेरी होती, मुलगा नव्हताच. शेखरही म्हणाला, स्टोरी तं अलगच आहे नं ताई. अलगच होती. पण त्या जुन्या फिल्मची गोष्ट आज कोणाला विचारली तर धड सांगता येणार नाही, आणि त्यातल्या म्हातारीची अशीच डावीकडची नजर ज्यानं ज्यानं पाहिली तो मात्र ती विसरलेला नाही. नागपूरला एका महोत्सवात एक जाडजूड चष्म्याचे गृहस्थ उभे राहून म्हणाले होते की ही म्हातारी शून्यात पाहते आणि ते शून्य आपल्या खुर्चीपर्यंत येतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अकरा सेकंद पडद्यावर काही घडत नाही, कोणी बोलत नाही, एक बाई नुसती पाहते. कॉलेजची पोरं त्या अकरा सेकंदांवर तासतासभर बोलत. शेवटी संकलन म्हणून भावनाचं नावही येत होतं, तेव्हा नावासाठी तिचं काही भांडण नव्हतं. भांडण निराळं होतं. ती बाई शून्यात पाहत नव्हती. त्या जागी एक माणूस उभं होतं, आणि ते माणूस भावना होती.

ती बाई म्हणजे इंदूबाई, संघपालची आई, तेव्हाची भावनाची सासू. बार्शीटाकळीला त्यांचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली लहानशा चौकटीत श्रावण, म्हणजे संघपालचे वडील, जे तो नऊ वर्षांचा असताना गेले. इंदूबाईंनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून गावच्या दोन पिढ्यांना खिचडी वाढली आणि पोराला शिकवलं. पोरानं शिकून कॅमेरा घेतला. फिल्मसाठी नटी परवडणारी नव्हती म्हणून आईलाच खाटेवर बसवलं. इंदूबाई कॅमेऱ्याला भ्यायल्या नाहीत, त्या चुकण्याला भ्यायल्या. आपलं चुकलं तर पोराचं सामान खराब होईल असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. भावना कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला संवादांचे कागद धरून उभी राही. प्रत्येक वाक्य झालं की इंदूबाई डोळ्यांनीच तिला विचारत, झालं का वं? भावना मान हलवे, आणि मगच त्यांचा चेहरा सैल पडे. संघपाल वैतागून सांगे की आई, इकडंतिकडं पाहू नको. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, 'मंग कोणाले विचारू? तू तं त्या डबीत तोंड घालून बसला.' सगळे हसले होते. भावना तर इतकी हसली की कागद हातातून पडले. ते हसणं आठवलं की आता तिला बसल्या जागी रडू येई, कारण त्या घरात ती हसल्याची ती शेवटची वेळ होती.

शूटिंगच्या तीन महिने आधी अकोल्याच्या दवाखान्यात तिचा पाचवा महिना वाहून गेला होता. संघपाल कोणाच्या लग्नाच्या शूटिंगवरून तसाच आला, खांद्यावर बॅग, कपाळावर कोणी लावलेला गुलाल तसाच. स्टुलावर बसला. बराच वेळ खिडकीकडं पाहत राहिला आणि मग म्हणाला, उजेड चांगला पडला इथं. बस. दुसरं काही त्याला सापडलं नसेल, सापडत नसतं माणसाला, हे तिला आज कळतं. तेव्हा तिला एवढंच कळलं की हा माणूस मला पाहतच नाही, मी याच्या पुढं मेले तरी हा आधी उजेड पाहील. इंदूबाईंनी तिचे कपडे धुतले, तिच्या केसांना तेल लावलं, आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई जे म्हणत होती, की होईल पुन्हा, ते एकट्या त्या म्हणाल्या नाहीत. शूटिंगच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी चुलीपाशी बसून भावनानं त्यांना सांगून टाकलं की मी आता अमरावतीला माहेरी जाते, परत येणार नाही. इंदूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवून झाल्यावर त्या म्हणाल्या, 'उद्याचं त्याचं काम होऊ दे माय. मंग जा.' राहा म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी एकच शॉट उरला होता. इंदूबाई खाटेवर बसल्या, येतो म्हणला होता, एवढं वाक्य बोलल्या आणि नेहमीसारखे डोळे डावीकडं नेले. भावना तिथंच होती, कागद धरून. नेहमीसारखी मान हलवायची, एवढंच काम. पण ती नजर आपल्यावर आली हे तिला न पाहताच कळलं, भांगावर ऊन पडल्यासारखं कळलं, आणि हेही कळलं की आज विचारणं वाक्याचं नाही. आज त्या विचारत होत्या, जाशीलच का? वर पाहिलं असतं तर ती राहिली असती; तिची तेवढी छाती नव्हती. म्हणून ती कागदावरची तीच ओळ वाचत राहिली, पुन्हापुन्हा, आणि म्हातारीला तसंच ताटकळत ठेवलं. मग इंदूबाई उठून आत गेल्या, आणि तिनं दाराशी ठेवलेली पिशवी उचलली. संघपालनं कॅमेऱ्यातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. बायको घर सोडून चालली आणि हा आपला डबीत! दारातून निघतानाचं त्याचं ते वाकलेलं डोकं तिनं सहा वर्षं मनात धरून ठेवलं, आणि कधी स्वतःबद्दल शंका आलीच तर ते आठवून ती शंका मिटवली.

दोन महिन्यांनी त्यानं सगळं चित्रीकरण डिस्कमध्ये घालून कोणाच्या तरी हाती अमरावतीला पाठवलं. चिठ्ठीत एवढंच, आईचं काम आहे, तूच कर. तिनं केलं, इंदूबाईंसाठी केलं. तो शॉट आला तेव्हा तिनं खोलीचं दार लावून घेतलं. पडद्यावर इंदूबाई तिच्याकडं पाहत होत्या. खरं म्हणजे तेव्हा ती जिथं उभी होती तिथं पाहत होत्या. अकरा सेकंद. बाराव्याला त्यांचे डोळे खाली येतात. ओठ मिटतात. हातातली वस्तू पुन्हा फडताळात ठेवून द्यावी तसं त्यांनी ते विचारणं परत आत ठेवून दिलं. भावनाला ते पाहवलं नाही. तिनं बाराव्याच्या आधी कापलं, आणि त्याच्या पुढं ती कधी गेलीच नाही. लग्नाच्या व्हिडिओत रुसलेल्या आत्या काढाव्या तशीच तिनं सासूची ती हार काढून टाकली, असं म्हणता येईल. पण तिच्या मनात तसं नव्हतं. तिला वाटलं होतं की निदान इथं तरी त्यांनी डोळे खाली घालू नयेत. इथं तरी त्या विचारतच राहाव्यात. नागपूरला जे लोक टाळ्या वाजवत होते त्यांना वाटलं दिग्दर्शकाची केवढी ही दृष्टी. दृष्टी कसली, एकीनं उत्तर दिलं नव्हतं आणि त्याची तिला लाज वाटत होती, एवढंच ते होतं.

रविवारी सकाळी अकोल्याला एका कॉलेजच्या सभागृहात तो नवा सिनेमा दाखवणार होते, नंतर दिग्दर्शकाशी गप्पा. शुक्रवारभर आणि शनिवारभर तिनं जायचं नाही असं ठरवलं आणि रविवारी सकाळी सातच्या एसटीत जाऊन बसली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, खिडकीबाहेर वेचून संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या पळत होत्या आणि ती काय बोलायचं ते जुळवत होती. या वाटेनं ती शेवटची आली होती ती इंदूबाईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मरणानंतरच्या वंदनेला. त्या गेल्याचं तिला कोणी कळवलं नव्हतं. गावातल्या एका बाईनं टाकलेला फोटो पाहून कळलं, तेही चौथ्या दिवशी. ती जाऊन बायकांमध्ये मागं बसली, वंदना म्हटली. संघपाल लोकांना पाणी देत फिरत होता, तिच्यापाशी आला, तिलाही पेला दिला आणि पुढं गेला. तिथंच तिला विचारायचं होतं की शेवटी त्या माझं काही बोलल्या का, पण घटस्फोट घेतलेल्या सुनेनं असं कोणत्या तोंडानं विचारायचं? आता इंदूबाईंचं तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. एक लुगडं नाही, दोघींचा धड फोटो नाही. ती नजर तेवढी होती, आणि ती आपल्यासाठी होती हे जगात एकट्या तिला माहीत होतं. ती नजर या माणसानं उचलून एका परक्या बाईच्या डोळ्यांत घातली. तिला त्याच्याकडून फार काही नको होतं. एकदा, लोकांसमोर नाही तर नाही, तिच्यासमोर त्यानं म्हणावं की आई भावनाकडं पाहत होती. तेवढं म्हटलं की ती परत जाणार होती.

सिनेमा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. कचेरीचा व्हरांडा त्यानं असा पाहिला होता की तिथल्या बाकाला माणसं बसून बसून पडलेली झळाळीसुद्धा दिसत होती. सभागृहात खोकलाखाकरा नव्हता. मग ती जागा आली. नटी वाक्य बोलली, डोळे डावीकडं गेले, भावना मोजू लागली. सात, आठ. नटीनं काही कमी केलं नव्हतं, तिच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. नऊ, दहा. आणि भावनाला आपल्या रागाखालून दुसरंच काही वर येताना जाणवलं, की या बाईच्या पुढं कोणीच उभं नाही. ती बिचारी भिंतीला विचारते आहे. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं डोळे पुसले, तरी भावनाला ठाम कळत होतं की हे पोकळ आहे. कॅमेरा तोच होता, वाट पाहणंही तेच होतं, नव्हतं ते फक्त कोणी तरी उत्तर न देणारं. दिवे लागले. टाळ्या झाल्या. संघपाल स्टेजवर आला. कानाशी केस पिकले होते. पहिल्या रांगेत त्याची दुसरी बायको प्रियदर्शनी मांडीवर दोन वर्षांची मुलगी घेऊन बसली होती. एका पोरानं उठून सरळच विचारलं, 'सर, अशा स्टोऱ्या तं आमी लय पाह्यल्या. मंग याच्यात तुमचं सोताचं काय आहे?' लोक हसले, संघपालही हसला. मग म्हणाला की गोष्ट कोणाचीच नसते, ती रस्त्यावर पडलेली असते. माझी आई बोलता बोलता थांबून शून्यात पाहायची. तेवढं एक पाहणं माझं आहे, बाकी सगळं उसनं. भावनाचे कान तापले. शून्यात. इथंही शून्यातच.

ती बाहेरच्या व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी थांबली. लोक पांगेपर्यंत अर्धा तास गेला. तो बाहेर आला, तिला पाहून थबकला, आणि ती तोंड उघडणार तेवढ्यात त्यानंच विचारलं, तेही असं की मधली सहा वर्षं कोणी कापून काढली असावीत. 'तो शॉट जमला नाही नं वं?'

'नाही जमला.'

'मले बी माहीत आहे. अठरा टेक घेतले. लांब करून पाह्यला, आखूड करून पाह्यला. ते येतच नाही.' तो कठड्याला टेकला. 'दोन दिवस बसशील का त्याच्यावर? तुले समजते कुठी कापाचं ते.'

बसमध्ये जुळवलेलं सगळं ती विसरली होती. एकच वाक्य उरलं होतं ते तिनं बोलून टाकलं. 'आई शून्यात नोहती पाहून राहिली. माझ्याकडं पाहून राहिली होती.'

'हो,' संघपाल म्हणाला.

एवढ्या सहज म्हणाला की तिला काही क्षण समजेना. ज्यासाठी ती एवढ्या लांब आली होती ते असं एका अक्षरात तिच्या हातात आलं, आणि हात रिकामाच वाटला. मग राग आला. माहीत होतं तर लोकांना शून्य काहून सांगतोस, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, मग काय सांगू? बायको घर सोडून चालली होती आणि आई तिच्या खाली घातलेल्या मानेकडं पाहत होती, हे माइकवर सांगू? तुझं नाव आहे फिल्मवर. तुझ्या अमरावतीत लोक पाहतात ती. भावनाला आजवर वाटत होतं की तिनं वर पाहिलं नाही हे दोघींपलीकडं कोणाला ठाऊक नाही, त्यातली एक तर गेली. आणि हा डबीत तोंड घातलेला माणूस सगळं पाहून बसला होता, दाराशी ठेवलेल्या पिशवीसकट.

'तू कट म्हणू शकत होता,' ती म्हणाली. 'त्या मायले तसं ताटकळत काहून ठेवलं?'

'कट म्हटलं असतं तं तू गेली असती.'

त्यानं ते तक्रारीसारखं म्हटलं नाही. बाजूच्या नळातून थेंब पडत होता तिकडं पाहत म्हटलं. शॉट चालू आहे तोवर कोणी जागचं हलत नाही, हा त्याच्या सेटवरचा एकुलता एक कायदा होता, आणि त्या दिवशी त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मग त्यानं विचारलं की तू त्याच्या पुढचं पाह्यलंच नाही का. ती म्हणाली, नाही. तेव्हा तिला आठवलं की डिस्कमधली ती फाइल सतरा मिनिटांची होती. लग्नाचे शूटिंगवाले कॅमेरा बंद करायला विसरतात आणि मग पुढं नुसते पाय आणि सतरंज्या येत राहतात, तसलंच काही असेल असं समजून तिनं सवयीनं पुढचं सगळं टाकून दिलं होतं. इतकी वर्षं ते तिच्याच टेबलाखालच्या खोक्यात पडून होतं.

'काय आहे पुढं?'

'काहीच नाही. आई उठून आत गेली. तू गेल्याचा आवाज आहे, फाटक वाजते. मंग रिकामी खाट आहे. मी बंद केलाच नाही. वाटलं, फाटक पुन्हा वाजते का पाहू. कार्ड भरलं तवा तो आपोआप बंद पडला.'

म्हणजे वाकलेलं ते डोकं ऐकत होतं. तिनं ज्याला सहा वर्षं शिक्षा केली तो माणूस त्या वेळी तिची वाट पाहत होता, आणि ती शंभर पावलांवर, कोपऱ्यावरच्या एसटीच्या थांब्यावर उभी होती, कोणी हाक मारतं का म्हणून. आतून प्रियदर्शनीनं हाक मारली, अहो, फोटोसाठी कॉलेजवाले थांबलेत. तिच्या कडेवरची मुलगी बापाकडं झेपावत होती. संघपालनं तिला घेतलं. मग जायला वळला, पुन्हा वळून म्हणाला की त्या शॉटचं सांगशील. भावना म्हणाली, 'काढून टाक तो. त्या नटीले नकार देणारं समोर कोणी नोहतंच.' त्यानं मान हलवली आणि तो गेला.

ती रिक्षा करून बसस्टँडवर आली. अमरावतीची गाडी लागली होती, कंडक्टर दारात उभा राहून चला, चला करत होता, बसायला जागाही होती. तिनं ती जाऊ दिली. अर्ध्या तासानं दुसरी लागली, तीही जाऊ दिली. त्या दिवशी थांब्यावर थांबायचं राहिलं होतं तेवढं ती आज थांबत होती.